लेथ, गाऱ्हाणं आणि माझा उजवा पाय

राग आला की माझा उजवा पाय हलतो. जेवणाच्या मेजाखाली, बँकेच्या रांगेत, मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत, कुठेही. टाच वर, चवडा खाली. चवडा वर, टाच खाली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, नवरा म्हणतो वात आहे, आणि मुलाने तर पालकसभेत माझ्या शेजारी बसणंच सोडलं. खरं कारण गोव्यातल्या लाटंबार्शाच्या आमच्या गॅरेजात आहे. ते कुणाला सांगावं तर लोक हसतात, आणि हसले की पाय आणखी जोरात हलतो. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आमच्या गॅरेजात गाडी कधी आलीच नाही. आजोबांनी ते बांधलं तेव्हा गाडी येणारच होती म्हणे. आधी गॅरेज, मग गाडी, असा त्यांचा हिशेब. आजोबा गेले, घराचे मधोमध भिंत घालून दोन भाग झाले, थोरल्या भाईकाकांच्या वाट्याला विहीर आणि मोठी ओसरी गेली, आणि माझ्या बाबांच्या वाट्याला हे गॅरेज आलं. भाईकाकांना वाटलं, धाकटा फसला. बाबांना वाटलं, आपल्याला राजवाडा मिळाला. ते डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. संध्याकाळी बसमधून उतरायचे ते लाल मातीने भुवयांपर्यंत माखलेले. सकाळी पिशवीतून डबा जायचा आणि संध्याकाळी त्याच पिशवीतून लोखंड यायचं: कुणीतरी टाकून दिलेला दात पडलेला वाईस, म्हणजे लोखंड पकडायचा शेगडा, मूठ नसलेलं गिरमिट, गंजून एकजीव झालेले पाने. आई पिशवी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची आणि म्हणायची, "आज भाजी हाडलास काय भंगार?" पिशवी जड असली की उत्तराची गरज नसायची.

त्या सगळ्या लोखंडाचा मुकुटमणी म्हणजे लेथ, लाकूड किंवा धातू फिरवून कातायचं यंत्र. पेडण्याच्या बाजारामागे एका म्हाताऱ्या सुताराचा कारखाना बंद झाला, आणि त्याच्या मुलाला जागा मोकळी हवी होती. भाताची पोती घेऊन येणाऱ्या टेंपोत, पोत्यांच्या मधोमध, हा पोर्तुगीज अमदानीतला पायाने चालवायचा लेथ आमच्या दारात उतरला. खाली शिलाई मशीनसारखं पायडल, बाजूला माझ्या छातीएवढं लोखंडी चाक, वर बिडाची जाड पट्टी आणि तिच्यावर लाकूड धरून फिरवणारं डोकं. अंगावर गंजाचे पापुद्रे, चाकाच्या आऱ्यांत उंदराचं घरटं. मी तेव्हा बारावी पास होऊन रिकामी होते. म्हणजे घरात 'रिकामी' म्हणायचे; सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे मलाच हाका मारायचे ते वेगळं.

गंज काढायला बाबांनी बिमलांचा रस वापरला. आमच्या मागल्या दारी बिमलांचं झाड होतं, आणि ती आंबट फळं कपड्यावरचा गंजाचा डाग काढतात हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. बाबांनी ते लोखंडाला लावून बघितलं इतकंच. फक्त त्यांनी भांडं निवडलं ते आईचं बुयांव, मिठातले आंबे घालून ठेवायची ती उंच चिनी मातीची बरणी. आईने झाकण उघडलं, आत हात घातला आणि आंब्याऐवजी बोल्ट हाती लागला. ती ओरडली नाही. तिने तो बोल्ट पुसला, बाबांच्या ताटात पेजेशेजारी वाढला आणि म्हणाली, "खा. मुरलो आसा बरो." बाबांनी खाली मान घालून पेज खाल्ली. मला हसू आवरेना, म्हणून मलाही भाजी मिळाली नाही.

पुढचे कित्येक महिने आमच्या घराचा आवाज म्हणजे कानशीचा आवाज. डोक्याच्या आतला पितळी बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते कडं, झिजून पातळ झाला होता आणि नवा बुश करायचा तर लेथ लागतो. लेथ दुरुस्त करायला लेथ. बाबा दोन दिवस त्या गोष्टीवर नुसते हसत बसले. मग त्यांनी खैराच्या लाकडाचा तुकडा घेतला, मी तो हाताने कोरला, घासला, आणि आईची नजर चुकवून खोबरेल तेलात उकळला. शेंगदाणे भाजल्यासारखा वास घरभर सुटला, आणि शेजारच्या वहिनी काय तळताय म्हणून विचारायला आल्या. त्या लाकडी बुशावर लेथ पहिल्यांदा फिरला, आणि त्याच लेथवर आम्ही त्याचा पितळी बुश कातला. आपलं आपणच औषध करून घेतलेला असा रुग्ण मी पुन्हा बघितला नाही. वेग बदलायला आम्ही मोडक्या सायकलींच्या दातेरी चकत्या आणि साखळी बसवली. आणि पायडल? बाबांचा गुडघा खाणीत मार बसल्यापासून वळत नव्हता, म्हणून पायडल माझ्या पायाला बेतलं. आईचा एक जुना पाट कापून मी त्यावर फळी जोडली, माझ्या टाचेला खोबण केली. सुरुवातीला चाकाला हाताने पुढे ढकलायचं आणि त्याच क्षणी पाय दाबायचा. क्षण चुकला तर चाक उलटं फिरतं. मी ते इतक्यांदा चुकवलं की बाबा म्हणायचे, "बाय, लाकूड कातूचा आसा, परत झाडाक चिकटवचा नाय."

पण मग जमलं. कसं ते सांगता येणार नाही. एक दिवस पाय आणि चाक एकच झाले आणि सागाच्या तुकड्यावरून सलग, लांब, केसांच्या बटेसारखी साल निघाली. आधी मी नुसता पाय मारायची आणि बाबा पटाशी धरायचे. मग त्यांच्या हाताला कंप सुटायला लागला, आणि पटाशीही माझ्याकडे आली. वाडीतून लोक यायला लागले. कुणाच्या पाळण्याचे खांब, कुणाचं लाटणं, कुणाच्या पंपाचा बुश. बाबा खुर्चीत बसून नुसतं ऐकायचे, कान देऊन सांगायचे, "हत्याराक धार लाव, रडता ता." मला कळलं होतं की मला हेच करायचं आहे. नोकरी नको, शिवणकामाचा क्लास नको. त्या गॅरेजाचं दार उघडायचं आणि संध्याकाळपर्यंत उभं राहायचं. हे मी कुणाला बोलले नव्हते, कारण आमच्याकडे मुलगी असं काही बोलली की तिसऱ्या दिवशी तिला बघायला पाहुणे येतात.

(आता मोरजीला, पर्यटकांच्या किनाऱ्यावर, गेलं की मला चहासुद्धा घशाखाली उतरत नाही. तिथल्या हॉटेलांच्या भिंतींवर गिरमिटं, करवती, रंधे खिळ्यांनी ठोकलेले असतात, वर काळं चकचकीत पॉलिश. एकाने तर अख्ख्या वाईसचे जबडे वेल्डिंगने बंद करून त्यात फुलदाणी अडकवली आहे. त्याने मला विचारलं, "ताई, तुमच्याकडे जुनं काही आहे का, शोसाठी?" मी म्हटलं, आहे, नवरा आहे. नवरा शेजारीच होता. घरी येईपर्यंत माझा पाय थांबला नाही.)

भाईकाकांचा आवाज फार मोठा होता. देवळात, लग्नात, नवीन विहिरीच्या तोंडाशी, गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही. घरातला मोठा माणूस नारळ हातात धरून देवाला मोठ्याने सगळं सांगतो, काय केलंय, काय करणार आहोत, काय हवं आहे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे आम्ही साक्षीला आहोत, हे खरं आहे. लहानपणी आम्ही पोरं त्यात चढाओढ करायचो, कुणाचं 'व्हय' जास्त लांब जातं म्हणून. माझं वेशीपर्यंत जायचं. त्याचा मला अभिमान होता. माझ्या मूर्खपणाच्या यादीत हा अभिमान बराच वर आहे.

भाईकाकांचा मुलगा प्रमोद माझ्याहून थोडा मोठा. माणूस वाईट नव्हता, अजूनही नाही. फक्त कुठल्याच कामाने त्याला कधी बोलावलं नाही. त्या वर्षी भाईकाकांनी त्याच्यासाठी मोरजीला भाड्याच्या मोटरसायकली दुरुस्त करायचं दुकान बघितलं होतं. हे आम्हाला ठाऊक होतं. दुकानात काय काय मांडायचं ठरलंय, ते ठाऊक नव्हतं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. मी आदल्या दिवसापासून गॅरेज झाडलं, प्रत्येक पटाशी पुसून पाटावर मांडली, लेथच्या चाकाला झेंडूच्या, म्हणजे आमच्याकडच्या रोजांच्या माळा गुंडाळल्या, पायडलवर हळदीकुंकू लावलं. स्वयंपाकघरातून मणगण्याचा, गुळात आणि नारळाच्या रसात शिजलेल्या चण्याच्या डाळीचा वास येत होता. भाईकाका रेशमी सोवळं नेसून आले, मागे काकी, प्रमोद, शेजारचे दोघे. घंटा माझ्या हातात. भाईकाकांनी नारळ धरला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरातली लेकरां तुझ्या पायाकडे हात जोडून उबी आसत…"

"व्हय म्हाराजा!"

"हत्यारां तुझी, हात तुझे. कोणाच्या बोटाक लागाचां नाय, कोणाच्या डोळ्यात किस जावचो नाय…"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही जी मशीन माझ्या धाकट्या भावान आमच्या प्रमोदाच्या हवाली केली आसा, ती मोरजीच्या दुकानात बरी चलांदी, त्येका यश दी रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात लांब माझं. वेशीपर्यंत. घंटा वाजवत, डोळे मिटून, आनंदाने मी माझा लेथ देवाच्या साक्षीने प्रमोदला देऊन टाकला. नारळ फुटला, पाणी पायडलवर उडालं, आणि मग कुठे ते वाक्य कानातून डोक्यात पोचलं. डोळे उघडले तर आई हातात नैवेद्याचं ताट धरून दारात थिजलेली, आणि बाबा जमिनीकडे बघताहेत. थिजलेले नाहीत. नुसते बघताहेत. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना गाठलं. "तू दिलंस?"

"मी खय दिलंय. तो मागी होतो. मी नाय म्हणूक नाय, इतक्याच."

"म्हणजे दिलंसच मगे!"

"बाय, थोरलो भाव तो माझो. आणि आता गाऱ्हाण्यात इला. सगळ्यांनी व्हय म्हटला." जायला वळता वळता ते म्हणाले, "तूवय म्हटलंस."

त्या दोन शब्दांचा राग मला आजही तितकाच आहे. भाईकाकांचा राग सोपा होता, तो समोरून येणारा माणूस. बाबांचा राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. माझ्या टाचेसाठी खोबण करताना हाच माणूस जमिनीवर आडवा पडून, एक डोळा मिटून, माझा पाय मोजत होता.

पूजेतल्या हत्यारांना दसऱ्याचं उत्तरपूजन होईपर्यंत हात लावत नाहीत. म्हणजे संतापले तरी लेथवर उभं राहून एखादं लाकूड कातून राग काढायचीही सोय नव्हती. मी गॅरेजाच्या उंबऱ्यावर बसले आणि माझा पाय हवेत पायडल मारायला लागला. तो तेव्हा लागला तो लागलाच. आत आई नारळ खवत होती. ती नेहमी नारळ शांतपणे खवायची. त्या दिवशी करवंटीसुद्धा खवून टाकते की काय असं वाटलं. मला बघून एवढंच म्हणाली, "माझो पाट कापलास तेव्हा मी काय म्हटलंय?"

"काय नाय."

"का नाय म्हटलंय ता इचार कधीतरी." आणि पुन्हा खवायला लागली.

दसऱ्याच्या दुपारी टेंपो दारात उभा राहिला. भाईकाकांनी ड्रायव्हरला आधी जेवायला बसवलं, तो ओसरीवर मणगणं ओरपत होता. कालचीच माणसं गॅरेजात जमली. उत्तरपूजेचं छोटं गाऱ्हाणं, मग आपट्याची पानं, मग लेथ उचलायचा, असा बेत.

"बा देवा म्हाराजा, काल जां तुझ्या कानार घातला, ता आज पुरा होता…"

"नाय म्हाराजा!"

आवाज माझाच होता, पण मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणायची पद्धतच नाही. त्याला नियम नाही, शिक्षा नाही, पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्यांनी सवयीने अर्धं 'व्हय' काढलं होतं, ते त्यांच्या तोंडातच राहिलं. भाईकाकांनी एक डोळा उघडला.

"कोण म्हणता ता?"

"मी म्हणतंय, काका. काल माका आयकूक येवक नाय. आज इला."

"देवासमोर फाटे फोडतंस? काल व्हय म्हणालंस न्हय तू?"

"तुमी देवाक खोटां सांगलात, त्येका व्हय म्हटलंय. ता देवान काय ता समजून घेवंदी."

"चेडवा, तोंड सांबाळ!"

"नाय म्हाराजा." हे दारातून आलं. आई. हातात खवणीवरच्या नारळाचं भांडं, पदर कमरेला. ती भाईकाकांच्या समोर कधी उभीसुद्धा राहायची नाही. काकींनी तोंडावर पदर घेतला. त्या घाबरल्या की हसल्या ते मला अजून कळलेलं नाही.

भाईकाका बाबांकडे वळले. "तू बोल. तुझा घर काय म्हणता ता आयकतंस मां? कोणाची ती मशीन?"

मी बाबांकडे बघितलं. मला एकच शब्द हवा होता. 'बायची', एवढाच. बाबांनी लेथकडे बघितलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "तां पायडल बायच्या पायाक बेतलेला आसा. प्रमोदाचो पाय बसाचो नाय."

एवढंच. मोजमाप सांगितलं. एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

भाईकाकांनी रागाने माळ तोडली. "बसाचो नाय म्हणजे काय! प्रमोद, मार रे पाय!" प्रमोदने बिचाऱ्याने पाय ठेवला आणि दाबला. चाकाला हात न लावता. चाक कुरकुरलं, उलटं फिरलं, साखळी सायकलच्या चकतीवरून उडून त्याच्या पायावर पडली. तो लंगडी घालत बाहेर गेला आणि बाहेरूनच भाईकाकांना म्हणाला, "बाबा, माका नको ती. तिका ठेवा." त्याला खरंच नको होती. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, जसं मला विचारलं नव्हतं. फरक एवढाच की त्याला न मागता मिळत होतं.

"मोटर बसवूक येता!" भाईकाका ओरडले.

"बसवा की," मी म्हटलं. "दुसरी मशीन हाडा आणि बसवा."

टेंपो रिकामा गेला. ड्रायव्हर तेवढा तृप्त होता. भाईकाकांनी आपट्याचं पान दिलं नाही, मणगण्याला हात लावला नाही, आणि पुन्हा आमच्या गॅरेजात पाऊल टाकलं नाही. कुणी म्हणेल, जिंकलीस की. जिंकले असते तर पाय थांबला असता. लेथ राहिला तो माझा म्हणून नाही, प्रमोदचा पाय बसला नाही म्हणून. वर्षानुवर्षं मी त्याच्यावर कातत राहिले, लग्नानंतरही रोज स्कूटर घेऊन येत राहिले, त्याच गॅरेजावर माझं घर चाललं. आणि दर वेळी टाच त्या खोबणीत बसली की 'प्रमोदाचो पाय बसाचो नाय' हे बाबांचं वाक्य ऐकू यायचं. बाबांना मी कधी काही बोलले नाही. बाबांनीही काही काढलं नाही. आम्ही दोघं लाकडाबद्दल मात्र पुष्कळ बोलायचो.

तेव्हापासून खंडेनवमीचं गाऱ्हाणं मीच घालते. मला ते नीट येत नाही. मध्येच विसरते, देवाला 'म्हणजे बघा' असं म्हणते. आई 'व्हय' म्हणते, मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता 'व्हय' म्हणतो. बाबा खुर्चीत असतात. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते माझं वाक्य संपायच्या आधीच 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळे होतात. गेल्या वर्षी मला त्याचाच राग आला. असंच, न ऐकता 'व्हय' म्हणूनच तर सगळं झालं होतं. मी ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून गेलं:

"आणि ही मशीन माझी, माझ्या बापाशीन माका दिलेली रे म्हाराजा…"

मुलाने मान वर केली. बाबांचं 'व्हय' नेहमीसारखं घाईने निघालं आणि अर्ध्यात थांबलं. त्यांनी कानामागे हात नेला.

"काय म्हटलंस? परत म्हण."

मी परत म्हटलं. सावकाश, एकेक शब्द. खाली पाय चालूच होता. बाबा खुर्चीच्या दांड्यांना धरून उठले, न वळणारा गुडघा ओढत लेथपाशी आले, चाकावर हात ठेवला. तोंड त्यांनी देवाकडे केलं नाही. भाईकाकांच्या बाजूच्या भिंतीकडे केलं.

"व्हय म्हाराजा!"

वेशीपर्यंत गेलं ते. भिंतीपलीकडे टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. तिकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज एकदम मोठा केला.